तिसऱ्या मजल्याचं पाणी

धुळ्यातल्या देवपूरच्या त्या वसतिगृहात मी चार महिन्यांच्या कामासाठी गेले आणि तिथेच अडकले. पाण्याचं काम माझ्याकडे होतं. इमारतीला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं आणि त्यातला पाणीबचतीचा भाग पूर्ण करून द्यायचा, एवढीच माझी जबाबदारी. नेमणुकीच्या पत्रात मुदतीच्या जागी 'प्रमाणपत्र मिळेपर्यंत' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पण प्रमाणपत्र मिळायला फार तर चार महिने लागतील, असं सगळेच म्हणत होते, आणि मीही तसंच धरून चालले होते.

माझं माहेर भडगावचं. गिरणा नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं बघत मी वाढले, त्यामुळे पाणी वाचवायच्या कामाबद्दल मला मनापासून ओढ होती. शिक्षणानंतर काही वर्षं पुण्यात अशाच इमारतींची कामं केली. मग लग्न होऊन यावलला आले. नवऱ्याच्या घरी केळीच्या बागा, माझ्या शिक्षणाला साजेसं काम जवळपास नाही. धुळ्याचं हे काम आलं तेव्हा नवरा म्हणाला, "जा. शनिवारी येत जा." मग दर शनिवारी धुळ्याहून जळगाव, जळगावहून यावल अशा दोन बस, आणि रविवारी दुपारी उलट. संस्थेने वसतिगृहातच तळमजल्यावर मला एक खोली दिली होती.

संस्थेचे अध्यक्ष वयाने मोठे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. आबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. सातपुड्याच्या पायथ्याच्या, पावसावरच्या शेतीत राबणाऱ्या घरांतल्या मुलींना शिकता यावं म्हणून त्यांनी हे वसतिगृह उभं केलं होतं. त्यांची बायको शाळेचं तोंड न बघता गेली, याची खंत त्यांच्या बोलण्यात अधूनमधून यायची. प्रवेशद्वाराशी तिचा फोटो आणि शेजारी प्रमाणपत्राची पाटी, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पाटीसाठी भिंतीत चौकटही आधीच करून ठेवली होती.

अट तशी साधी होती. एरवीच्या इमारतीला जेवढं पाणी लागलं असतं, त्याच्यापेक्षा बरंच कमी पाणी या इमारतीने वापरलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक नळाच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली होती. तिच्यातून पाण्यात हवा मिसळते, धार जाड दिसते आणि पाणी कमी लागतं. संडासात दोन बटणांचे फ्लश होते. प्रत्येक मजल्याला वेगळं मीटर होतं. अंघोळीचं आणि हात धुण्याचं पाणी तळघरात जाऊन शुद्ध व्हायचं आणि मोटरने पुन्हा वर फ्लशला यायचं. हे सगळं मी स्वतः उभं राहून बसवून घेतलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

प्रमाणपत्राची तपासणी व्हायच्या आधीच कॉलेजं सुरू झाली आणि मुली राहायला आल्या. आठवड्याच्या आत तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली. तक्रार कसली, रेक्टर अक्का सहज बोलता बोलता म्हणाल्या, "वरच्या पोरींना जरा वेळ लागतो हो अंघोळीला."

मी सकाळी वर गेले. न्हाणीघरांसमोर बादल्यांची रांग. नळ पूर्ण सोडलेला आणि धार शिवणाच्या दोऱ्याएवढी. एक बादली भरायला इतका वेळ लागत होता, की रांगेतल्या मुली वह्या उघडून वाचत उभ्या होत्या.

कारण माझ्या लगेच लक्षात आलं. पाण्याला जोर येतो तो टाकीच्या उंचीमुळे. मूळ नकाशात गच्चीवरची टाकी उंच खांबांवर होती. पण इमारतीच्या माथ्यावर टाकी दिसली तर शोभा जाते, असं आबांचं म्हणणं पडलं आणि बांधकामवाल्यांनी ती थेट गच्चीवरच बसवली. मी येण्याआधीच ते होऊन गेलं होतं. खालच्या मजल्यांना पुरेसा जोर मिळत होता. तिसरा मजला टाकीच्या अगदी पोटाशी. तिथे आधीच धार बारीक, आणि तिच्या तोंडाशी माझी जाळी.

उपाय साधा होता. तिसऱ्या मजल्यासाठी एक छोटी प्रेशर मोटर. प्रमाणपत्राचे कागद तयार करणाऱ्या पुण्याच्या सल्लागारांना मी फोन लावला. ते म्हणाले, "मोटर वाढली की विजेच्या हिशोबात गुण कमी होतील. वरचा दर्जा हवाय ना तुम्हाला? मग आत्ता काही बदलू नका."

आबांकडे गेले तर आबा म्हणाले, "एकदा प्रमाणपत्र मिळू दे. मग मोटर बसवू, टाकी उचलू, तुम्ही म्हणाल ते करू."

"पण तोपर्यंत मुलींनी काय करायचं, आबा?"

"सवय होईल त्यांना. कष्टाची पोरं आहेत."

दिवाळीच्या आसपास तिसऱ्या मजल्यावरच्या जाळ्या नाहीशा व्हायला लागल्या. कोणीतरी त्या फिरवून काढत होतं. जाळी काढली की धार थोडी मोठी व्हायची, फार नाही, पण रांग जरा लवकर सरायची. मी नव्या जाळ्या लावल्या. चार दिवसांत त्याही गेल्या. मग पान्याशिवाय निघणार नाहीत अशा मागवल्या. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींना पाना मिळवणं काय अवघड? त्याही गेल्या.

मी पुन्हा पुण्याला फोन केला. सल्लागार हसले. "अहो, तपासणी एका दिवसाची असते. त्या दिवशी जाळ्या जागेवर असल्या की झालं. खाली तुमची सही तेवढी पाहिजे."

सही माझीच लागणार होती. सगळे नळ अटीप्रमाणे आहेत आणि तसेच राहतील, असं लिहून द्यायचं होतं. सही करावी तर त्या मुलींना रोज सकाळी त्या दोऱ्याएवढ्या धारेसमोर उभं करणं आलं, नाहीतर धडधडीत खोटं लिहिणं आलं. न करावी तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तोवर मोटर नाही. कुठूनही सुरुवात केली तरी मी फिरून त्याच जागी यायची. एकदा मी आबांना काम सोडते म्हणून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "जा ना. पण दुसरा कोणी येईल तो सही करून मोकळा होईल. पोरींची तुमच्याइतकी काळजी त्याला असेल का?" खरं होतं ते. मी खोलीत येऊन भरायला घेतलेली बॅग पुन्हा रिकामी केली.

 शनिवारी घरी गेलं तरी मी तिथे नसायचेच. सासूबाई ताट वाढून समोर बसायच्या आणि मी कोणत्या मीटरचा आकडा जास्त आला याचा विचार करत घास मोडायची.

तपासणीची तारीख ठरली. उन्हाळा लागला होता. त्याच आठवड्यात एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर मी एका मुलीला जाळी काढताना पाहिलं. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली ती, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. मला बघून तिने पाना लपवला नाही, की मान खाली घातली नाही.

मी म्हटलं, "अगं, हे पाणी कुणासाठी वाचवतोय आपण? तुमच्याच भागात उन्हाळ्यात पाणी नसतं ना?"

ती म्हणाली, "वाचाडा ना मॅडम. पन आमनं वाचाडेल पानी जास कोठे?"

तिचा आवाज उद्धट नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, चल, दाखवते. एकदा डोळ्यांनी बघितलं की तिला पटेल, असं मला वाटलं. त्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल रद्द झालं होतं. जेवणाआधी मी तिला घेऊन तळघरात गेले.

तळघरात एका कोपऱ्यात पत्र्याचा दरवाजा असलेली यंत्रांची खोली होती. आत पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर आणि वर पाणी ढकलणारी मोटर. ब्लोअरचा आवाज एवढा, की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे. अंघोळीचं पाणी कुठून येतं, कुठे गाळलं जातं, स्वच्छ झालेलं कुठे साठतं, हे मी तिला ओरडून सांगत होते आणि ती प्रत्येक टाकीत वाकून बघत होती. आम्ही दोघी टाक्यांच्या मागच्या बाजूला होतो. तेवढ्यात दरवाजाजवळचा उजेड गेला.

मला वाटलं, वाऱ्याने दार लोटलं गेलं. जाऊन ढकललं तर हलेना. तपासणी जवळ आली म्हणून आबांनी वॉचमनला सगळे दरवाजे बंद ठेवायला सांगितलं होतं. त्याने उघडं दार पाहिलं, बाहेरून कडी घातली आणि पांझरा नदीपलीकडे आपल्या घरी जेवायला निघून गेला. हे आम्हाला नंतर कळलं.

"बाहेरथीन कडी लायेल शे," ती दाराच्या फटीतून बघून म्हणाली.

मी मोबाइल काढला. तळघरात रेंज नव्हतीच. दार हातांनी बडवलं, मग तिथे पडलेल्या पाइपाच्या तुकड्याने बडवलं. ब्लोअरच्या आवाजात आमचंच आम्हाला ऐकू येत नव्हतं. मी ब्लोअर बंद केला. खोली एकदम गप्प झाली आणि त्या शांततेने मी जास्तच घाबरले. आम्ही पुन्हा ओरडलो. पण वर पार्किंगमध्ये दुपारचं कोण असणार? मुली कॉलेजात, अक्का पलीकडच्या इमारतीत.

ब्लोअर बंद झाल्यावर हवाही थांबली. उकाडा अंगाला चिकटायला लागला आणि टाक्यांचा कुबट वास वर आला. भिंतीत छताजवळ एक जाळीचा झरोका होता, तेवढाच काय तो उजेड. माझा श्वास जड व्हायला लागला. भिंती पुढे सरकतायत असं वाटायला लागलं. मी जमिनीवर बसले, ओढणी सोडवली, पण आत हवा जाईना. ती मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, मनाकडे देखा. झरोकाकडे तोंड करा. हवा येस तठेन." मी तोंड वर केलं. तिच्या हातांना घाम आला होता. थोड्या वेळाने तीही म्हणाली, "माले बी भेव लागस. पन दोन्ही जनी रडनूत तं कसं व्हई?"

जरा सावरल्यावर मला एक युक्ती सुचली. फ्लशला पाणी देणारी मोटर या खोलीतच होती. तीच बंद केली तर वर सगळ्या संडासांतलं पाणी थांबेल. दुपारी मुली परत येतील, पाणी नाही म्हणून ओरडा करतील, आणि कोणी ना कोणी बघायला खाली येईलच. मी बटण दाबलं. मोटर थांबली. आता वाट बघायची.

तहान लागली होती. समोर टाकीभर पाणी, वरून अगदी नितळ. ती म्हणाली, "हाई पानी पेवाले चालस का?" आलेल्या पाहुण्यांना मी नेहमी अभिमानाने सांगायची, बघा किती स्वच्छ झालंय. तिला मात्र मी घाईघाईने म्हणाले, "नको, नको. हात पण लावू नकोस."

वाट बघता बघता ती बोलत राहिली. घरी विहीर लांब आहे, उताराला. पण तिथे एकदा पोहोचलं की दोर सोडला आणि ओढला, हंडा भरला. इथे नळ दारात आहे, पण त्याच्यासमोर हात जोडून बसावं लागतं. सकाळचा पहिला तास तिला कधीच मिळत नाही. तो तास गणिताचा होता, आणि गणितातच ती मागे पडत होती. हे तिने रेक्टरला सांगितलं नव्हतं, घरीही नाही. "घर सांगं तं म्हनतीन, परत ये," ती म्हणाली. म्हणजे तीही माझ्यासारखीच होती. परत जाता येत नव्हतं, आणि राहणंही अवघड होतं.

झरोक्यातला उजेड सरकला. मग वर पावलांचे आवाज आले, मुली कॉलेजातून आल्या होत्या. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. आता ओरडा होईल. आता कोणी अक्कांकडे जाईल. वर दारं वाजली, बादल्या फरशीवर टेकवल्याचे आवाज आले, पुन्हा दारं वाजली. कोणीच खाली आलं नाही. आम्ही हाका मारल्या, पाइप दारावर आपटला. वरच्या गलक्यात तो आवाज विरून गेला.

"कोनी येवाव नही," ती हळूच म्हणाली. "पानी नही तं पोरी बादली लई जातीन. वरथीन वततीन, नि चालू पडतीन."

तसंच झालं होतं. तीन मजल्यांवरच्या एवढ्या मुलींपैकी एकीनेही तोंडातून शब्द काढला नव्हता. पाणी गेलं, तर गेलं. मी दाराला पाठ लावून बसले आणि मला रडू आलं. कोंडल्याचं होतं की दुसऱ्या कशाचं, ते सांगता येणार नाही.

दार उघडलं ते आबांमुळे. तपासणीची तयारी बघायला ते संध्याकाळी आले होते. तळमजल्यावरच्या ऑफिसच्या संडासात त्यांनी फ्लशचं बटण दाबलं, पाणी आलं नाही, आणि त्यांनी तिथूनच आवाज चढवला. दोन मिनिटांत वॉचमन, शिपाई, अक्का सगळे धावत तळघरात. कडी निघाली, उजेड अंगावर आला, आणि दारात आबा उभे होते. आम्हाला बघून ते चपापले. "अरे! तुम्ही इथे? आणि ही पोरगी?"

अक्कांनी पाणी आणलं. आम्ही तिथेच पायरीवर बसून प्यालो. आबा वॉचमनला बोलायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "आबा, त्याला काय माहीत आम्ही आत आहोत ते? फ्लशचं पाणी मीच बंद केलं होतं, कोणीतरी ओरडेल म्हणून. दुपारपासून बंद आहे. एकाही मुलीने तक्रार केली नाही."

आबा म्हणाले, "म्हणजे बघा, किती समजूतदार आहेत पोरी. मी म्हटलं नव्हतं, सवय होईल?"

 ग्लास खाली ठेवून ती मुलगी म्हणाली, "सवय तं पहिलेथीनच शे, आबा. म्हनीसन तं कोनी वरडनं नही. नि आम्ही दोन्ही जनी मझार मरी जातूत."

 आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जिना चढून निघून गेले. त्यांचं मन त्या क्षणी पालटलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून पहिला प्रश्न विचारला तो असा : "तपासणीचं काय?"

मी म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर जाळ्या नाहीत, आणि पाण्याला जोर नाही, असं मी लिहून देणार आहे. त्यावर सही करते. दुसऱ्या कशावर करणार नाही."

"पाटी जाईल."

"जाईल कदाचित."

त्यांनी तपासणीचे कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, "लिहा तुम्हाला लिहायचं ते."

तपासणीला आलेले गृहस्थ शांत स्वभावाचे होते. माझं लिहिलेलं वाचून ते तिसऱ्या मजल्यावर चढले, स्वतः नळाखाली बादली ठेवली आणि उभे राहिले. उभं राहून राहून त्यांनी भिंतीला हात टेकला, तरी बादली अर्धीच. खाली आल्यावर म्हणाले, "कमी पाणी वापरणं वेगळं आणि पाणीच न मिळणं वेगळं. हे आधी दुरुस्त करा, मग बघू." अर्ज लांबणीवर पडला. पुण्याचे सल्लागार माझ्यावर चिडले. आबा कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. माझी सुटका तर आणखी दूर गेली. पाऊस सुरू झाला, संपला, आणि मी अजून त्याच खोलीत.

मोटर बसली ती थंडीच्या सुरुवातीला, फक्त तिसऱ्या मजल्यासाठी, सकाळी आणि संध्याकाळी चालणारी. मग जाळ्या पुन्हा लावल्या. या वेळी त्या कोणी काढल्या नाहीत, आणि जाळ्यांसकट बादली चटकन भरायची. ती मुलगी एकदा जिन्यात भेटली तेव्हा ओल्या केसांनी पळत होती. "तास शे मॅडम!" एवढंच ओरडून गेली. गणितात ती पास झाली, फार गुण नाहीत, पण झाली.

प्रमाणपत्र मिळालं, पण आबांना हवा होता त्याच्या खालच्या दर्जाचं. विजेचे गुण गेलेच. चौकटीपेक्षा पाटी लहान आली, म्हणून कडेने थोडी जागा मोकळी राहिली. समारंभ झाला नाही. आबांनी स्वतः उभं राहून ती लावून घेतली आणि मला म्हणाले, "आता मोकळ्या झालात तुम्ही." रागाने म्हणाले की मायेने, ते मला अजून कळलेलं नाही.

मी यावलला परत आले. आता जळगावात एका इमारतीचं असंच काम करते आणि रोज घरी येते. सगळं ठीक आहे. एक गोष्ट मात्र तेव्हापासून राहिली आहे, बंद खोलीत मी थांबू शकत नाही. लिफ्टने जात नाही. घरीसुद्धा न्हाणीघराची कडी लावत नाही. पहिल्यांदा सासूबाईंनी विचारलं, "कडी काहून नाही लावत वं?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी अंघोळीला गेले, की त्या ओट्यावर लोटलेल्या दारासमोर निवडायची मेथी घेऊन बसतात, आणि बागेत किती घड कापले, कोणती मजूर आली नाही, हे मोठ्याने सांगत राहतात. मी आतून हूं हूं करते. हूं थांबला की त्या लगेच हाक मारतात.